टीव्हीचं चित्र सारखं जातंय? आधी टीव्हीचा मेनू काढून पाहा

बाबांचा फोन आला तेव्हा मी नागपूरजवळच्या हिंगण्याला ड्यूटीवर होतो. "टीव्ही पुन्हा आंधळा होऊन राहिला रे." पुन्हा म्हणजे त्या दिवसातली सातवी की आठवी वेळ. चालू असलेलं चित्र एकाएकी काळं व्हायचं, आवाजही जायचा आणि दोन-तीन सेकंदांत दोन्ही परत यायचं, जणू काही झालंच नाही. मी रात्री घरी पोचलो की टीव्ही शहाण्या मुलासारखा चालायचा. मेकॅनिकला बोलावलं. तो अर्धा तास बसला, चहा घेतला, तेवढ्या वेळात एकदाही चित्र गेलं नाही. जाताना सांगून गेला, "मदरबोर्ड गेला असंल काका. साडेचार हजार धरून चला."

मदरबोर्ड चांगला होता. दोष कूलरच्या पंपाच्या स्विचमध्ये होता. तिथवर कसा पोचलो ते सांगतोच, पण त्याआधी एक परीक्षा सांगतो. ही परीक्षा न करता टीव्ही दुकानात नेणारे लोक मी इतके पाहिलेत की आता कोणाचाही फोन आला की पहिला प्रश्न हाच विचारतो.

टीव्हीच्या रिमोटवरचं सेटिंग्जचं बटण दाबा. सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटवरचं नाही, टीव्हीच्या. पडद्यावर टीव्हीचा स्वतःचा मेनू येईल. चित्रात जो बिघाड आहे, मग ती रेघ असो, चौकोन असोत, रंग असो की थरथर, तो मेनूच्या अक्षरांवरही दिसतो का? मेनू टीव्ही आतल्या आत काढतो. त्याचा गच्चीवरच्या छत्रीशी, म्हणजे डिश अँटेनाशी, संबंध नाही, केबलवाल्याशी नाही, बॉक्सशीही नाही. मागचं चित्र फाटलेलं आणि त्यावर मेनूची अक्षरं मात्र नवीन पाटीसारखी स्वच्छ, असं असेल तर पॅनल, म्हणजे पडदा, ठणठणीत आहे. दोष टीव्हीच्या मागच्या भोकापासून ते गच्चीपर्यंत कुठेतरी आहे. आणि रेघ मेनूच्या अक्षरांतूनही आरपार जात असेल तर केबलवाल्याला शिव्या घालण्यात अर्थ नाही, आजार टीव्हीच्याच पोटात आहे.

एक पळवाट आहे तेवढी बंद करा. मेनू स्वच्छ असला तरी टीव्हीचं एक एचडीएमआय पोर्ट मेलेलं असू शकतं. म्हणून वायर दुसऱ्या पोर्टात लावून पाहा. टीव्ही स्मार्ट असेल तर तासभर यूट्यूब चालवा, नसेल तर पेन ड्राइव्हवरचे लग्नाचे फोटो लावा. शेवटी बॉक्स उचलून शेजाऱ्यांकडे न्या. शेजाऱ्यांकडेही तसंच झालं तर बॉक्स बदला, टीव्हीला हात लावू नका.

बाबांच्या टीव्हीवर यूट्यूब दोन दुपारी सलग चाललं, एकदाही काळं झालं नाही. बॉक्सवर आणलं की होतंच. म्हणजे दोष बॉक्स, वायर किंवा पोर्ट यांपैकी एकात. पोर्ट बदललं, तरी तेच. बॉक्स शेजारच्या काकूंकडे एक दिवस ठेवला, तिथे काही नाही. उरली वायर. मी बाबांना म्हटलं, चित्र गेलं की भिंतीवरच्या कॅलेंडरवर वेळ लिहा, बाकी काही करू नका. निवृत्त माणसाला असं काम दिलं की तो चोख करतो. चार दिवसांनी पाहिलं तर बारीक अक्षरात तारखांचे चौकोन भरलेले: ११.४०, १२.०५, १२.२०, १.१०, मग एकदम ३.३५, ३.५०, ४.२०. रात्री नऊनंतर काहीच नाही. चारही दिवस दुपारी दीड ते साडेतीन कोरं.

दीड ते साडेतीन आई झोपते.

आता आमचा कूलर. नागपुरातल्या हजारो घरांत असतो तसाच, खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर पत्र्याचा मोठा डबा, तिन्ही बाजूंना ताट्या, खाली टाकीत पाण्याचा पंप. पंखा दिवसभर चालतो, पण पंप सारखा चालू ठेवला की घरात चिकचिक होते, गादी ओली लागते, डब्यातले पापड मऊ पडतात. म्हणून आई वीस मिनिटं पंप चालवते, मग बंद करते, मग परत चालू. स्वयंपाकघरातून येता-जाता खिडकीशी बटण दाबते आणि निघून जाते. तिने टीव्हीकडे कधी पाहिलं नाही, बाबांनी टीव्ही सोडून आईकडे पाहिलं नाही. मी खिडकीशी उभा राहून बटण बंद केलं. चट्ट असा आवाज, बटणाच्या फटीत निळसर ठिणगी, आणि मागून बाबा ओरडले, "गेलं!"

पंपाची मोटर म्हणजे तांब्याच्या तारेचं वेटोळं. त्यातून वाहणारी वीज एकदम तोडली की वेटोळं ती सहजासहजी सोडत नाही, स्विचच्या फटीतून ठिणगी मारूनच सोडते. संपर्क जळलेला, झिजलेला असेल तर ठिणगी आणखी मोठी. आणि ठिणगी म्हणजे क्षणभराचं रेडिओ स्टेशनच. आसपासच्या सगळ्या तारा तिचा आवाज पकडतात. जुन्या टीव्हीवर अशा वेळी चित्रात पांढऱ्या टिपक्यांची ओळ उठायची आणि विषय संपायचा. एचडीएमआयचं तसं नाही. तिथे टीव्ही आणि बॉक्स एकमेकांना सतत ओळख दाखवत असतात. मधेच गोंगाट झाला की ती ओळख तुटते, आणि पुन्हा जुळेपर्यंतचे दोन-तीन सेकंद म्हणजे तुमचा काळा पडदा. आवाजही त्याच वायरीतून येतो, म्हणून तोही जातो.

त्यातून आमच्याकडे टीव्ही, बॉक्स आणि कूलर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर होते, आणि बॉक्सची तीन मीटरची वायर टीव्हीमागे जिलबीसारखी गुंडाळलेली. मी एकेक गोष्ट बदलत गेलो, म्हणजे कशाने गुण आला ते कळावं. पहिल्या दिवशी पंपाचा स्विच नवीन. दिवसाला आठ-दहा वेळा जायचं ते दोनवर आलं. मग कूलर वेगळ्या पॉइंटवर नेला, एकवर आलं. मग गुंडाळलेली वायर काढून चांगल्या आवरणाची दीड मीटरची आखूड वायर लावली. त्यानंतर कॅलेंडर कोरं आहे. सगळं मिळून पाचशे रुपयेही लागले नाहीत.

तुमच्याकडे कूलर नसेल तर फ्रिज असेल, पाण्याची मोटर असेल, जिन्यातला ट्यूबलाइटचा जुना चोक असेल. दोष ठरावीक वेळीच येतो असा नुसता संशय आला तरी वेळ लिहायला लागा.

चौकोन पडणं, चित्र अडकणं

हा प्रकार बहुधा बाहेरचा. पूर्वी अँटेना सेमिनरी हिल्सच्या दूरदर्शन टॉवरकडे वळवायचो तेव्हा सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या. जितका सिग्नल कमी तितक्या मुंग्या जास्त, आणि मुंग्यांतूनही मॅच दिसायची. नागपूरच्या केबलला डिजिटल होण्यासाठी ३१ मार्च २०१३ ही मुदत होती, आणि त्यानंतर मुंग्या गेल्या. डिजिटल सिग्नल कमी झाला तरी बॉक्स चुका दुरुस्त करत राहतो आणि चित्र अगदी सुरेख दिसतं. दुरुस्तीची मर्यादा ओलांडली की मात्र एकदम चौकोन, आवाज तुटक, आणि पुढच्या पायरीला काहीच नाही. म्हणून "काल तर एकदम क्लिअर होतं" याला डिजिटलमध्ये काही अर्थ नसतो. काल ते कड्याच्या अलीकडे होतं, इतकंच.

बॉक्सच्या मेनूत सिग्नलच्या दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. लोक स्ट्रेंग्थ पाहून खूश होतात. पाहायची ती क्वालिटी. छत्री भलत्याच दिशेला असली तरी स्ट्रेंग्थ बरी दिसू शकते.

पाऊस पडत असताना चित्र जाणं हा दोष नाही. छत्रीवर येणाऱ्या लहरी साधारण अडीच सेंटीमीटर लांबीच्या असतात आणि पावसाचे थेंब त्या शोषून घेतात. थांबा, येईल. पाऊस थांबून अर्धा तास झाला तरी येत नसेल तर मात्र गच्चीवर जावं लागेल. बहुतेक वेळा वायरीच्या टोकाच्या स्क्रूमध्ये पाणी शिरून हिरवट गंज चढलेला असतो. टोक कापून नवीन कनेक्टर लावा, आणि वायर छत्रीवरून सरळ खाली न आणता आधी एक झोका देऊन आणा, म्हणजे पाणी झोक्याच्या तळाशी ठिबकतं, कनेक्टरमध्ये उतरत नाही. नागपुरातून भारतातल्या डीटीएचचे उपग्रह दक्षिण ते आग्नेय या पट्ट्यात आहेत. डीडी फ्री डिश ज्या जीसॅट-१५ वरून येतं तो ९३.५ अंश पूर्वेला, म्हणजे इथून आग्नेयेला बराच वर. छत्रीचं तोंड दोन-तीन अंश हललं तरी काम संपलं. आमच्या भागात हे काम वादळापेक्षा माकडं जास्त करतात.

काही चॅनल येतात, काही अजिबात नाहीत, असं असेल तर लगेच पॅकेज संपलं समजू नका. बॉक्स छत्रीच्या टोकावरच्या एलएनबीला, म्हणजे लहरी पकडणाऱ्या डबीला, त्याच वायरीतून वीज पाठवतो, कधी १३ व्होल्ट, कधी १८. त्यावरून एलएनबीला कळतं की आडव्या लहरी घ्यायच्या की उभ्या. वायर जुनी, जोड गंजलेले, मधे दोन ठिकाणी टेप गुंडाळलेला असेल तर १८ व्होल्ट पोचेपर्यंत कमी होतात, आणि नेमके अर्धे चॅनल गायब होतात.

दरवर्षी मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस, दिवसा त्याच सुमाराला काही मिनिटं चित्र जात असेल तर ते सूर्याचं काम आहे. त्या दिवसांत सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या गोंगाटात उपग्रहाचा आवाज बुडतो. कोणालाही पैसे देऊ नका. आणि दरवर्षी ऑगस्टमध्ये जाऊन शिशिरात आपोआप बरं होत असेल तर छत्रीसमोरचं झाड पाहा. आमच्या गल्लीत एका भाऊंनी दोन एलएनबी बदलले, दोष कडुनिंबाच्या पालवीचा होता.

आवाज येतो, चित्र नाही

नागपूरच्या उन्हाळ्यातला हा सगळ्यात नेमाने येणारा पाहुणा. टीव्ही लावला की क्षणभर उजेड चमकतो, मग पडदा काळा, बातम्या मात्र ऐकू येतात. खोलीत अंधार करा, मोबाइलची टॉर्च पडद्याला जवळजवळ टेकवून तिरकी धरा आणि निरखून पाहा. भुतासारखं फिकट चित्र हलताना दिसलं, तर चित्र बनतंय, मागचा दिवा गेलाय. पॅनलच्या मागे एलईडीच्या पट्ट्या असतात आणि त्यातले दिवे दिवाळीच्या माळेसारखे एकामागे एक जोडलेले. एक जळला की माळ तुटते, आणि गडबड ओळखून सर्किट सगळंच बंद करतं. पट्ट्या बदलता येतात आणि पॅनलच्या मानाने स्वस्त असतात. बदलायच्याच तर सगळ्या एकदम बदलायला सांगा. एकच बदलली की पुढच्या मे महिन्यात उरलेल्यांपैकी एखादी जाते, आणि पॅनल पुन्हा उघडताना तडकण्याचा धोका वेगळाच.

पडद्यावर पैशाएवढे पांढरे गोल ठिपके दिसायला लागले तर दिव्यावरचं छोटं भिंग सुटून पडलंय. उष्णतेने त्याचा गोंद सुटतो. सगळं चित्र हळूहळू निळं-जांभळं व्हायला लागलं तर दिव्यांवरचा पिवळा लेप जळतोय. दोन्हींचं मूळ एकच, ताप. बहुतेक टीव्हींच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान ४० अंशांपर्यंत लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, वरच्या मजल्यावर स्लॅब तापलेला, टीव्ही भिंतीला घट्ट चिकटवलेला किंवा फर्निचरच्या कोनाड्यात बसवलेला. त्यात बॅकलाइट शंभरवर. दुकानात झगमग दिसावी म्हणून चित्राची जी सेटिंग ठेवतात, तीच घरीही तशीच चालू असते. बॅकलाइट पन्नास-साठवर आणा. घरात तेवढा उजेड पुरतो, दिवे कमी तापतात आणि जास्त वर्षं जगतात. बॅकलाइट आणि ब्राइटनेस वेगळे आहेत हे लक्षात घ्या. बऱ्याच टीव्हींत ब्राइटनेस कमी केला तर फक्त काळा रंग आणखी काळा होतो, दिवा तेवढाच जळतो.

टीव्ही गरम होतो म्हणून कूलरचा झोत थेट त्याच्यावर सोडणारी घरंही मी पाहिली आहेत. कृपया नको. ती हवा पाण्याने भरलेली असते.

रेघा

उभी, केसासारखी बारीक, कायमची रेघ मेनूवरूनही जात असेल तर बहुधा पॅनलच्या काचेला चिकटवलेल्या पातळ पट्टीचा सांधा सुटलाय. कडेला हलकं दाबलं की रेघ जाते, सोडलं की येते. काही मेकॅनिक तिथे कागदाची घडी दाबून बसवतात आणि पैसे घेऊन जातात. घडी काही दिवस चालते. अर्धा पडदा फिका, चित्र दोन-दोन दिसणं, माणसांचे चेहरे फोटोच्या निगेटिव्हसारखे, असं असेल तर आशा आहे. तो बऱ्याचदा टीकॉन बोर्डाचा, म्हणजे पॅनलला चित्र पुरवणाऱ्या छोट्या बोर्डाचा, किंवा त्याच्या चपट्या रिबनचा दोष असतो, आणि नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात जुने टीकॉन मिळतात. पॅनलच गेलं असेल तर मात्र नवं पॅनल जवळपास नव्या टीव्हीच्या भावात जातं. तिथे मी लोकांना सरळ सांगतो, एक रेघ असेल तर तिच्यासकट पाहा.

पडदा ओल्या फडक्याने पुसू नका, काच पुसायचं स्प्रे तर नकोच. ओघळ खालच्या पट्टीत उतरतो, आणि बऱ्याच टीव्हींत त्या नाजूक पट्ट्या नेमक्या तिथेच असतात.

बाकी किरकोळ. जुना डीव्हीडी किंवा बॉक्स लावल्यावर चित्र एकदम कृष्णधवल आलं तर पिवळी पिन हिरव्या भोकात गेलीय किंवा इनपुट चुकीचं निवडलंय. मोठ्या टीव्हीवर चित्र धूसर दिसतं अशी तक्रार नवीन टीव्ही घेतलेले सगळेच करतात. साध्या चॅनलचं चित्र ५७६ ओळींचं असतं आणि फोर-के पडद्यावर २१६० ओळी आहेत. टीव्ही उरलेल्या ओळी अंदाजाने भरतो, त्यात त्याची चूक नाही. एचडी चॅनल लावून पाहा, आणि बॉक्सच्या मेनूत आउटपुट साधं राहिलंय का तेही बघा. डोकी लांबट किंवा सगळे जाडजूड दिसत असतील तर कोणाच्या तरी हातून झूमचं बटण दाबलं गेलंय. नातवंडं असलेल्या घरात हे महिन्यातून एकदा होतं.

अर्थिंगबद्दल मात्र थोडं थांबतो. बॉक्सची वायर लावताना पिनेच्या धातूला हात लागून झिणझिण्या आल्या आहेत का? अर्थिंग नसलेल्या घरात टीव्ही आणि बॉक्सच्या धातूवर थोडी वीज तरंगत असते. चालू टीव्हीत वायर खुपसली की ती एचडीएमआय पोर्टातून जाते आणि पोर्ट जळू शकतं. आधी दोन्हींची बटणं बंद करा, पिन काढा, मग वायर लावा. जुन्या घरांत अर्थिंगचा खड्डा असतो, उन्हाळ्यात तो कोरडा ठणठणीत पडतो आणि नावापुरता उरतो. आठवड्यातून एकदा त्यात बादलीभर पाणी ओता. आमच्या आजोबांच्या घरी हे काम माझ्याकडे होतं, कशासाठी ते आयटीआयला गेल्यावर कळलं. अवकाळीचं आभाळ भरून आलं की नुसतं रिमोटने बंद करून भागत नाही. पिन काढा आणि छत्रीची वायरही बॉक्समधून काढा. वीज बऱ्याचदा त्या वायरीतून घरात येते. वादळानंतर एकच पोर्ट मेलं आणि बाकी टीव्ही छान चालतोय, असं दिसलं तर बहुधा ती तिथूनच आलेली असते.

मागचं झाकण उघडायचा मोह होईल, विशेषतः टीव्ही दोन-तीन प्रयत्नांनी सुरू व्हायला लागला की. त्या लक्षणात बहुधा पॉवर सप्लायमधले कपॅसिटर फुगलेले असतात आणि ते बदलणं फार खर्चिक नसतं. पण तिथल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट असतात आणि पिन काढल्यावरही ते काही वेळ तसेच राहतात. आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी दाखवली होती, वर्गातल्या कोणीही त्यानंतर घाई केली नाही. हे काम ज्याचं आहे त्याला करू द्या.

मेकॅनिक आला की दोष लपतो हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून आधीच मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, आणि त्यात टीव्हीचा मेनू पडद्यावर असू द्या. मेनूसकट व्हिडिओ पाहिला की शहाणा मेकॅनिक अर्ध्या मिनिटात सांगतो की त्याने यायचं की केबलवाल्याने. फक्त व्हिडिओत वरून खाली सरकणारे काळसर आडवे पट्टे दिसले आणि नुसत्या डोळ्यांना दिसत नसतील, तर ते सोडून द्या. ते टीव्हीच्या दिव्यांचं लुकलुकणं आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याचा वेग यांच्या भांडणातून येतात. बाबांनी तोही व्हिडिओ काढून मला पाठवला होता, खाली वेळ लिहून: ६.१२.